वाचकांचे प्रश्न : बोट एकाचं, हत्यार तिघांचं

पायदळाच्या पलटणीत रायफलीखेरीज जी जड हत्यारं असतात त्यांना फौजी बोलीत ‘सपोर्ट वेपन्स’ म्हणतात. मध्यम मशीनगन म्हणजे एमएमजी, ८१ मिलिमीटरची उखळी तोफ म्हणजे मॉर्टर, ८४ मिलिमीटरचा रॉकेट लाँचर, ग्रेनेड फेकणारी स्वयंचलित गन, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र ही त्यातली मुख्य. यांतलं एकही हत्यार एकट्याने नीट चालवता येत नाही. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत ‘मारा किती लांबचा?’ असं विचारलंय. आकडे देतोच. पण दारूगोळा कोण वाहतं हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ येत नाही, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : पडद्यावर एकच जवान मशीनगन कमरेशी धरून चालवताना दिसतो. मग पलटणीत एका गनला तीन-तीन माणसं कशाला? (एनसीसी कॅडेट, सातारा)

उत्तर : आपल्या पायदळातली एमएमजी मूळची बेल्जियमच्या एफएन कंपनीची ‘मॅग’. १९५०च्या दशकातली ही रचना आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होते. नुसती गन ११ ते १२ किलोची. ट्रायपॉड दहा किलोच्या वर. जादा बॅरल तीनेक किलोची. इथपर्यंत दोन माणसांत भागलं असतं.

आता गोळ्या मोजा. ७.६२ मिलिमीटरची एक गोळी साधारण २४ ग्रॅमची, तिला जोडणारी लोखंडी लिंक ४ ग्रॅमची. म्हणजे १०० गोळ्यांचा बेल्ट पावणेतीन किलोच्या वर आणि हजार गोळ्या २८ किलो. मिनिटाला १०० गोळ्या हा या गनचा सावकाश वेग धरला जातो. त्या वेगानेही २८ किलो ओझं दहा मिनिटांत संपतं. गन अखंड चालवली तर ती मिनिटाला ६५० ते १,००० गोळ्या ओकू शकते, आणि मग हजार गोळ्या एक ते दीड मिनिटातच संपतात. म्हणून तिसरा माणूस, आणि बरेचदा शेजारच्या रायफल सेक्शनच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या, पिट्टूतही (पाठपिशवीतही) एकेक बेल्ट.

कामाची वाटणी अशी. नंबर एक गनच्या मागे, त्याची नजर साइटवर. नंबर दोन त्याच्या डावीकडे, कारण बेल्ट डावीकडून आत जातो. बेल्ट सरळ आणि गनच्या पातळीत आत जाईल असा हातावर पेलणं, संपत आलेल्या बेल्टला पुढचा जोडणं, बॅरल बदलणं आणि गोळ्या कुठे पडतात ते बघून ‘दहा मीटर उजवीकडे’ असं सांगणं ही त्याची कामं. नंबर एकला स्वतःच्या गोळीची धूळ दिसत नाही, गनचा हादरा आणि नळीपुढची तापलेली हवा आड येते. दुर्बीण नंबर दोनकडे असते ती म्हणून. नंबर तीन दारूगोळा आणतो आणि बाजू-पाठ राखतो. नंबर एक पडला तर नंबर दोन त्याच्या जागी सरकतो, त्यामुळे सरावात तिघांनाही तिन्ही कामं करावी लागतात.

कमरेशी धरून गोळ्या झाडता येतात, नेम लागत नाही. ट्रायपॉडवर हीच गन १,२०० ते १,८०० मीटरपर्यंत उपयोगी मारा करते. बायपॉडच्या दोन पायांवर तीच ८०० मीटरपर्यंत येते.

प्रश्न : ट्रायपॉडने एवढा फरक कसा पडतो? गोळी तर तीच. (निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : गोळी तीच, पण लागोपाठच्या गोळ्या कुठे पडतात ते बदलतं. लांबवर झाडलेल्या फैरीच्या गोळ्या एका बिंदूवर पडत नाहीत. जमिनीवर त्यांचा एक लांबट, चिंचोळा पट्टा तयार होतो, त्याला ‘बीटन झोन’ म्हणतात. बायपॉडवर गन प्रत्येक गोळीबरोबर खांद्यावर उसळते आणि हा पट्टा विस्कटतो. ट्रायपॉड तो आटोक्यात ठेवतो.

पट्टा लांबट असल्याने गन कुठे मांडायची हेही ठरतं. समोरून येणाऱ्या ओळीवर समोरूनच मारा केला तर पट्टा तिला आडवा छेदतो आणि एक-दोन माणसांपुरताच लागू पडतो. बाजूने मारा केला तर पट्ट्याची सगळी लांबी त्या ओळीवर पडते. चांगला एमएमजी कमांडर मोर्च्याच्या मध्यभागी गन न लावता कडेला लावतो, समोरून मातीचा आडोसा करतो आणि तिरका मारा करतो. दिवसा ट्रायपॉडवर दिशा आणि उंची पक्की करून ठेवली की रात्री काही न दिसताही त्याच रेषेवर मारा करता येतो. ‘फिक्स्ड लाइन’ म्हणतात ती हीच.

ट्रेसर गोळ्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. बेल्टमध्ये बहुधा चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर असते. ती हजारेक मीटरच्या आसपास विझते, त्यापुढे नंबर दोनच्या डोळ्यांवरच भिस्त. शिवाय ट्रेसर दोन्हीकडून दिसते, शत्रूलाही गनची जागा कळते.

प्रश्न : बॅरल किती गोळ्यांनी बदलतात? नाही बदललं तर फुटतं का? (यंत्रकामगार, इचलकरंजी)

उत्तर : तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. टूल लाल होईपर्यंत चालवलं की ते तुटण्याआधी त्याची धार जाते. बॅरलचंही तसंच. आतल्या सर्पिल खाचा आधी चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, पुढच्या भागात झिजतात, गोळ्या फाकायला लागतात. त्याहून तापलं तर बॅरल स्वतःच्या वजनाने किंचित झुकतं. फुटणं ही फार पुढची पायरी.

या जातीच्या गनसाठी प्रशिक्षणातला हिशेब असा : मिनिटाला १०० गोळ्यांच्या वेगाने दर दहा मिनिटांनी बॅरल बदला, २०० च्या वेगाने दर दोन मिनिटांनी, आणि अखंड मारा असेल तर मिनिटागणिक. बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा भाग, मागे ओढून गन सेफ करायची, बॅरलचं लॉक दाबायचं, हँडल फिरवून बॅरल पुढे ओढायचं, थंड बॅरल बसवून फिरवायचं. सरावलेला नंबर दोन हे काही सेकंदांत करतो. काढलेलं बॅरल ओल्या गवतावर किंवा बर्फात टाकायचं नाही. एका बाजूने झटकन थंड झालं की ते वाकतं, शिवाय वाफेचा लोट गनचा ठावठिकाणा सांगतो.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. बॅरल बसवताना लॉकचे ‘टिक टिक’ आवाज मोजतात. अमेरिकी सेनेत हीच गन एम-२४० नावाने आहे, तिथे २ ते ७ टिक बरोबर मानतात. कमी किंवा जास्त आले तर बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधलं अंतर बिघडलेलं असू शकतं. अंतर वाढलं की काडतुसाचं पितळ मागून आधार नसल्याने ताणून फाटतं आणि त्याचा पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो. म्हणूनच प्रत्येक गनची दोन्ही बॅरलं तिचीच असतात. तपासल्याशिवाय शेजारच्या गनचं बॅरल उसनं घ्यायचं नाही.

प्रश्न : गन मध्येच थांबली तर जवान नेमकं काय करतात? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : आधी हे बघावं लागतं की बोल्ट कुठे थांबलाय आणि बॅरल किती तापलंय. ही गन ‘ओपन बोल्ट’वर चालते. म्हणजे ट्रिगर सोडला की बोल्ट मागे थांबतो आणि चेंबर रिकामं राहतं, हवा खेळते. पण अडथळा येऊन जिवंत गोळी तापल्या चेंबरमध्ये राहिली तर ट्रिगर न दाबताही ती उष्णतेने उडू शकते, त्याला ‘कुक-ऑफ’ म्हणतात. दोन मिनिटांत २०० गोळ्या झाडलेलं बॅरल ‘तापलेलं’ धरायचं असा प्रशिक्षणातला ठोकताळा आहे. अशा वेळी घाईने वरचं झाकण उघडून तोंड पुढे नेणं ही सगळ्यात घातक चूक. गोळी उघड्या गनमध्ये फुटली तर पितळाचे तुकडे डोळ्यांत जातात. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, ती निवेपर्यंत लांब राहून थांबावं लागतं.

थंड गनचे अडथळे बहुतेक तीन ठिकाणचे. पहिलं ठिकाण बेल्ट. लिंक पुढे-मागे सरकलेली, बेल्टला पीळ, किंवा उलटा घातलेला बेल्ट. लिंकची उघडी बाजू खाली हवी. नंबर दोनने बेल्ट हातावर न पेलता लोंबत सोडला की गनला ते वजन ओढावं लागतं आणि ती दमते. दुसरं ठिकाण गॅस. बॅरलमधून थोडा गॅस घेऊन पिस्टन ढकलला जातो, काजळी साचली की धक्का अपुरा पडतो, बोल्ट पुरता मागे जात नाही. रेग्युलेटर एक घर वाढवलं की तेवढ्यापुरतं भागतं. मात्र काहीजण सुरुवातीपासूनच तो मोठ्या घरावर ठेवतात. गन तेव्हा वेगात चालते, पण सगळे भाग आपटून लवकर थकतात आणि पुढे काजळी साचल्यावर वाढवायला घर उरत नाही. तिसरं ठिकाण वर सांगितलेलं फाटलेलं पितळ. त्यासाठी किटमध्ये वेगळं ओढणं असतं.

जोडीने लावलेल्या गन यासाठीच असतात. एकीने पाच-सहा सेकंद फैर झाडायची, मग दुसरीने. एक अडली तरी मारा तुटत नाही आणि दोघींची बॅरलं निवतात.

प्रश्न : उखळी तोफेची नळी जास्त उभी केली तर गोळा लांब जाईल असं मला वाटायचं. पुतण्या म्हणतो उलट आहे. कोण बरोबर? (गृहिणी, कुडाळ)

उत्तर : पुतण्या बरोबर. ४५ अंशांवर गोळा सर्वांत लांब जातो. मॉर्टर ४५ ते साधारण ८५ अंशांतच चालते, म्हणून तिची नळी जितकी उभी कराल तितका गोळा जवळ पडतो. पण अंतर ठरवण्याचं अर्धंच काम कोनाचं आहे. उरलेलं अर्धं चार्जचं. मॉर्टरच्या गोळ्याला फौजेत ‘बॉम्ब’च म्हणतात. त्याच्या शेपटात एक काडतूस असतं आणि शेपटाभोवती बारुदाच्या जादा चकत्या किंवा पिशव्या अडकवलेल्या असतात. जवळ मारायचं तर त्या काढून टाकायच्या, लांब मारायचं तर ठेवायच्या.

८१ मिलिमीटरची मॉर्टर नळी, बेसप्लेट (नळीच्या बुडाखालची बैठक) आणि बायपॉड अशा तीन ओझ्यांत वाटली जाते. एकूण वजन ४० किलोच्या आसपास. पल्ला पाच किलोमीटर आणि थोडा वर. नळीत खाचा नसतात. बॉम्ब तोंडातून सोडला की तो घसरत खाली जातो, बुडातल्या पिनवर आपटतो आणि उलट वर निघतो. बॉम्ब सव्वाचार किलोच्या आसपासचा. मिनिटाला १५-२० बॉम्ब सोडता येतात, म्हणजे मिनिटाला ६० ते ८५ किलो दारूगोळा! डोंगरावर मॉर्टर चढवली म्हणजे काम झालं असं नव्हे, खरी चढण बॉम्बची असते.

मॉर्टरवाल्यांना शत्रू दिसत नाही. ते टेकडीआड असतात. साइटवरचा जवान समोर रोवलेल्या रंगीत काठ्यांवर नेम धरतो, पुढे कुठेतरी दडलेला निरीक्षक बॉम्ब पडल्याची जागा बघून वायरलेसवर दुरुस्ती सांगतो. दोनशे वाढवा, शंभर कमी करा, पन्नास वाढवा. लक्ष्य आधी दोन बॉम्बच्या चिमट्यात पकडायचं आणि चिमटा निम्म्या-निम्म्याने आवळायचा. एकेक मीटरने सरकत जाणारा निरीक्षक वेळ घालवतो आणि समोरच्यांना आडोसा घ्यायला सवड देतो.

कोन अंशांत मोजत नाहीत, ‘मिल’मध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६,४०० मिल. सोय अशी की १,००० मीटरवर एक मिल म्हणजे जवळजवळ एक मीटर. ४,००० मीटरवर साइट ५ मिलने चुकली तर बॉम्ब २० मीटर बाजूला. आपली माणसं लक्ष्याजवळ असतील तर हे २० मीटर जीव घेतात.

प्रश्न : पहिले दोन-तीन बॉम्ब नेहमी चुकतात असं ऐकलंय. का? (कुडाळच्याच बाईंच्या पुतण्याने तळटीप जोडली आहे)

उत्तर : बेसप्लेट. पहिल्या बॉम्बांच्या धक्क्याने ती जमिनीत घुसते, नळीचं बूड खाली जातं, कोन बदलतो. म्हणून खऱ्या माऱ्याआधी दोन-तीन बॉम्ब टाकून प्लेट बसवून घेतात आणि प्रत्येक बॉम्बनंतर साइटचे पातळी दाखवणारे बुडबुडे तपासतात. चिखलात ती बुडतच जाते. खडकावर बसतच नाही, घसरते. दोन्हीवर उपाय वाळूच्या पोत्यांचा, मातीच्या भरावाचा. कोकणातल्या जांभ्यावर उभं राहून पहार मारून बघा, म्हणजे अडचण लगेच कळेल.

प्रश्न : माझा मुलगा मॉर्टर प्लाटूनमध्ये आहे. फोनवर तो काही सांगत नाही. या कामात खरा धोका कशाचा असतो? (एक आई, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ताई, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच द्यायला हवं. शत्रूचा उलटा मारा सोडला तर मोठा धोका एकच : आधीचा बॉम्ब नळीतच असताना दुसरा सोडला जाणं.

असं घडतं कसं? नळीत काजळी साचली किंवा ओल गेली की बॉम्ब हळू घसरतो, पिनवर पुरेसा आपटत नाही, उडत नाही. शेजारी तीन-चार नळ्या एकदम धडाडत असतात. त्या गदारोळात सोडणाऱ्याला वाटतं आपलाही गेला, आणि तो दुसरा हातात घेतो. १८ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत नेवाडातल्या हॉथॉर्न इथे रात्रीच्या सरावात ६० मिलिमीटरच्या मॉर्टरजवळ स्फोट होऊन ७ मरीन सैनिक गेले. चौकशीत ठपका ठरलेली पद्धत न पाळण्यावर आला.

हा धोका टाळण्याचे उपाय साधे आहेत आणि तुमच्या मुलाकडून ते रोज घोटून घेतले जातात. बॉम्ब सोडल्यावर हात नळीच्या बाहेरून खाली न्यायचे, डोकं तोंडाच्या पातळीखाली. बॉम्ब बाहेर पडल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा हाती घ्यायचा नाही. प्रत्येक बॉम्ब मोठ्याने मोजायचा. ठरावीक बॉम्बनंतर नळी पुसायची. न उडाल्यास सगळ्यांनी थांबायचं, ठरलेला वेळ जाऊ द्यायचा, मग नळी सावकाश कलती करून तोंडाशी दोन्ही हातांनी बॉम्ब झेलायचा. अंगठे नळीच्या तोंडासमोर येऊ द्यायचे नाहीत. रशियन बनावटीच्या ८२ मिलिमीटरच्या काही मॉर्टरांना तोंडावर एक झडप असते, आत बॉम्ब असेल तर ती दुसरा जाऊ देत नाही. जिथे झडप नाही तिथे शिस्तच झडप.

दुसरी जपण्याची गोष्ट कान. कानातले बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. कान गेल्याचं उशिरा कळतं आणि गेलेले परत येत नाहीत. पुढच्या फोनवर एवढं मात्र त्याला जरूर विचारा.

प्रश्न : कारगिलसारख्या उंचीवर हीच हत्यारं वेगळी वागतात का? (गिर्यारोहक, नाशिक)

उत्तर : वागतात. टायगर हिलचा माथा ५,००० मीटरच्या घरात आहे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. विरोध कमी, म्हणून त्याच कोनावर, त्याच चार्जवर बॉम्ब पुढे जाऊन पडतो. पण थंडीत बारूद मंद जळते, वेग घटतो, बॉम्ब अलीकडे पडतो. दोन्ही परिणाम एकमेकांना बरोबर पुसून टाकतील या भरवशावर राहता येत नाही. त्यासाठी हवेची आणि बारुदाची दुरुस्ती देणारी कोष्टकं वापरावी लागतात. बॉम्ब रात्रभर कुठे ठेवले होते यालाही महत्त्व आहे. उन्हातली पेटी आणि सावलीतली पेटी एकाच माऱ्यात मिसळली तर बॉम्ब विखुरतात.

मशीनगनचं दुखणं तेल. मैदानी हवेतलं नेहमीचं तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं आणि बोल्ट गुळावरून चालल्यासारखा चालतो. तिथे थंडीसाठीचं खास तेल, तेही पुसटसं, लावतात. दुसरी चूक मायेपोटी होते : गन रात्री गरम बंकरमध्ये आणणं. आतल्या दमट हवेने तिला घाम सुटतो, सकाळी बाहेर नेली की तो भागांमध्येच गोठतो. आडोशाला, पण बाहेर, झाकून ठेवलेली गन सकाळी चालते. गोठलेल्या जमिनीवर बेसप्लेट खडकावरच्यासारखीच उसळते, म्हणून तिथेही खाली पोती.

चढणीवरचं वजन तुम्हाला वेगळं सांगायला नको. मॉर्टरची तीन ओझी म्हणजे प्रत्येकी १२ ते १५ किलोचे ओबडधोबड लोखंडी तुकडे, तेही स्वतःची रायफल, पाणी आणि गरम कपडे यांच्यावर. बेसप्लेट तर पाठीवर कुठल्याच बाजूने नीट बसत नाही.

प्रश्न : ८४ मिलिमीटरचा ‘रॉकेट लाँचर’ खरंच रॉकेट सोडतो का? आणि तो खोलीतून उडवता येतो का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नावाने रॉकेट लाँचर, जातीने बिनधक्क्याची तोफ. स्वीडनची ही कार्ल गुस्ताफ १९४८ पासूनची आणि भारतात १९७० च्या दशकापासून आहे. नळीला खाचा आहेत. काडतुसाचं बूड प्लॅस्टिकचं असतं, ते दाबाने फुटतं, जळता वायू मागच्या नरसाळ्यातून सुटतो आणि पुढे जाणाऱ्या गोळ्याचा धक्का मागे जाणाऱ्या वायूने तोलला जातो. म्हणून एवढा मोठा गोळा माणूस खांद्यावरून झाडू शकतो. रणगाडाविरोधी एका प्रकारच्या गोळ्याला नळीबाहेर पडल्यावर पेटणारं छोटं रॉकेट असतं खरं, त्यामुळे नाव अगदीच खोटं नाही. पल्ला रणगाड्यासाठी काही शे मीटर, स्फोटक गोळ्यासाठी किलोमीटरच्या आसपास. धुराचे आणि उजेडाचे गोळेही यातूनच जातात.

दोघांचं हत्यार. एक खांद्यावर धरून नेम धरतो. दुसरा मागचं नरसाळं फिरवून उघडतो, गोळा घालतो, बंद करतो, आणि त्याहून मोठं काम म्हणजे मागे वळून पाहतो. मागचा झोत ६० मीटरपलीकडच्या माणसालाही इजा करू शकतो, त्यात खडे आणि माती मिसळलेली असते. पालथं पडून झाडताना फायररचे पाय नळीच्या रेषेत नकोत, शरीर तिरकं हवं. मागे भिंत, बांध किंवा मोठा दगड असेल तर झोत उलटतो.

लहान खोलीतून नाही. वायूला जायला वाट नसते, दाब भिंतींवरून परतून फुप्फुसांवर, कानांवर येतो. बंद जागेतून झाडण्यासाठी मागे वायूऐवजी जड भार फेकणारे खास गोळे निघाले आहेत, नेहमीचे त्यासाठी नाहीत. उघड्यावरही दाब कमी नसतो. सरावात एका माणसाने दिवसात किती गोळे झाडायचे याला काही सेनांनी मर्यादा घातली आहे, अमेरिकी सेनेत ती सहाची. ती मर्यादा प्रत्येक सेनेने पाळावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. मेंदूला बसणारा हादरा बाहेरून दिसत नाही.

जुनी एम-२ नळी १४ किलोंच्या वर होती. एम-३ दहाच्या आसपास आली. नवी एम-४ सातच्या आत आहे. एम-४ बनवण्यासाठी साब कंपनीने हरियाणात झज्जरला कारखान्याचं बांधकाम २०२४ मध्ये सुरू केलं. हलक्या ८४ मिलिमीटर लाँचरवर आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेनेही काम केलं आहे.

याच तत्त्वावरची थोरली बहीण म्हणजे जीपवरची १०६ मिलिमीटरची आरसीएल, म्हणजे रिकॉइललेस गन. तिचा खरा व्यास १०५ मिलिमीटर. आधीच्या १०५ च्या गोळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून नावात १०६ केलं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात चीमा गावाजवळ ४ ग्रेनेडियर्स या पलटणीचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी हिच्यावरूनच पॅटन रणगाडे टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आरसीएल झाडली की मागे धुळीचा डोंगर उठतो आणि जागा उघडी पडते, म्हणून जीप लगेच हलवावी लागते. उसाच्या शेतांच्या आडाने जागा बदलत रणगाड्यांवर मारा करणं म्हणजे काय, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येईल.

प्रश्न : मॉर्टर ८१ मिलिमीटरचीच का? ८० का नाही? (विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : १९१५ साली इंग्लंडात विल्फ्रेड स्टोक्स यांनी आजच्या मॉर्टरची मूळ रचना केली. तिला तीन इंची म्हणत, पण आतला व्यास ३.२ इंच म्हणजे ८१ मिलिमीटर होता. पुढे फ्रान्सच्या ब्रांट कंपनीने तीच सुधारली आणि तो व्यास जगभर रूढ झाला.

प्रश्न : मिलानसारखी क्षेपणास्त्रं आल्यावर या जुन्या हत्यारांची गरज उरते का? (बँक कर्मचारी, पणजी)

उत्तर : मिलान रणगाड्यासाठी आहे. हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये ती बनते. २ किलोमीटर जायला तिला बारा-तेरा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ नेमबाजाला साइटची फुली लक्ष्यावर स्थिर ठेवावी लागते, क्षेपणास्त्रामागे तार उलगडत असते. महागडं, मोजकं अस्त्र. टेकडीच्या पाठीमागच्या उतारावर बसलेल्या मशीनगनवर ते जातच नाही. तिथे वरून पडणारा मॉर्टरचा बॉम्बच लागतो, किंवा मग एजीएस-१७ ही ३० मिलिमीटरची ग्रेनेड गन. एजीएस आणि १२.७ मिलिमीटरची जड मशीनगन तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनतात. एजीएसच्या ड्रममध्ये २९ ग्रेनेड असतात, पल्ला १,७०० मीटर, गन आणि ट्रायपॉड मिळून ३१ किलो. इथेही हिशेब वजनापाशीच येतो.

ड्रोनमुळे मात्र एक सवय बदलावी लागते आहे. एकाच जागेवरून तासभर मारा करणारी मॉर्टर आता सहज सापडते. थोडे बॉम्ब टाकून जागा बदलणं, त्यासाठी दुसरा-तिसरा खड्डा आधीच तयार ठेवणं, याला आलेलं महत्त्व आम्हाला सगळ्यात मोठा बदल वाटतो.

प्रश्न : या हत्यारांसाठी महाराष्ट्रात काय बनतं? (दुकानदार, भुसावळ)

उत्तर : तुमच्या शेजारी वरणगावला रायफल आणि मशीनगनच्या गोळ्या. देहूरोडला धुराचा आणि उजेडाचा दारूगोळा. नागपूरजवळ अंबाझरीला गोळ्यांची लोखंडी कवचं, भद्रावतीच्या चांदा कारखान्यात ती भरण्याचं काम. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यातच आहे.

प्रश्न : माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांनी एकट्याने मशीनगन कशी घेतली? एकटा माणूस तिघा-चौघांच्या हत्याराला भारी कसा पडतो? (एसटी वाहक, महाड)

उत्तर : १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे पडले किंवा जखमी झाले. ते थेट गनवर धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही गेले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, दुसऱ्याला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२.

हत्याराच्या अंगाने पाहिलं तर ट्रायपॉडवर किंवा मोर्च्यात बसवलेली मशीनगन लांबवर जितकी भयंकर तितकीच हातभर अंतरावर अवघड. ती झटकन वळत नाही, आणि चालवणाऱ्यांचे हात बेल्टमध्ये गुंतलेले असतात. याच कारणाने नंबर तीनला रायफल घेऊन बाजूला बसवतात आणि गनच्या दोन्ही कुशींना रायफलवाले ठेवतात. घाडगे यांनी ग्रेनेडने पहिल्याच फटक्यात गन आणि नंबर एक दोन्ही काढले. त्यानंतर समोर उरले ते हातघाईला तयार नसलेले तीन सैनिक. पण त्या ग्रेनेडच्या टप्प्यात पोहोचण्यासाठी चालत्या मशीनगनच्या तोंडावर धावत जायला लागतं, आणि तेवढं अंतर ते एकटे धावले.